एकशेदहा किलो

कर्वेनगर, पुणे
८ ऑगस्ट १९९९

ती. आईंस,
पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. सासूने सुनेला काय विचारावं याचे काही संकेत असतात. लोणचं घातलंस का, उपास धरतेस का, इतपत. तुम्ही विचारता, की तुम्ही दोघं मिळून जी मोटारसायकल करताय ती नेमकी कशी आहे ते आकड्यांसकट कळव, नुसतं ‘छान आहे’ लिहिलंस तर शून्य गुण. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईंपुढे एसटीडी बूथमधून हे सांगणं माझ्याने होणार नाही. म्हणून हे पत्र.

तर घ्या. इंजिन एका सिलिंडरचं, दीडशे सीसी, फोर-स्ट्रोक. ताकद तेरा घोड्यांची. गिअर पाच. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, मागच्याला साधा ड्रम. दोन चाकांच्या आसांमधल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात. ते आम्ही मुद्दाम कमी ठेवलंय, म्हणजे गाडी वळणावर चटकन वळते. जी चटकन वळते ती सरळ रस्त्यावर जरा चंचल असते, हे दुखणं त्याच्याच सोबत येतं. त्यावर उपाय म्हणजे भक्कम चौकट. चौकट म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि तो माझ्याकडे आहे. हँडलचा दांडा चौकटीत जिथे बसतो त्या जागेला आम्ही गाडीची मान म्हणतो. खड्ड्याचा सगळा मार तिथे बसतो, आणि पुण्यात खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही.

आता वजन. सगळं भांडण तिथे आहे. स्पर्धेतली दुसरी गाडी एकशेचौदा किलोची आहे. आमच्या मोठ्या साहेबांनी जाहिरातीत एकशेदहा छापायचं ठरवून टाकलंय. गाडी भरते एकशेबारा. अभिनव प्रकल्पप्रमुख, त्यामुळे उरलेले दोन किलो शोधायची जबाबदारी त्याची. बॅटरी लहान केली, हत्यारांची पिशवी काढली, आरसेसुद्धा हलके केले. परवा मला म्हणाला, की तुझ्या चौकटीतून किती देतेस ते बोल. हुंड्याची बैठक असावी तसा सूर होता. मी सांगितलं, की माझ्याकडून काही मिळणार नाही, मुलगी नारळावर नेतोस तर ने.

गाडी रोज रस्त्यावर नेऊन तपासतो तो कोंडीराम. येरवड्याला राहतो, दिवसभर नाशिक रस्त्याने चालवून संध्याकाळी आम्हाला तिचे दोष सांगतो. तो तिला चिमणी म्हणतो. वळणावर कशी आहे असं विचारलं तर म्हणाला, की मॅडम, मनात आणायच्या आधी वळते, बायकोला सांगू नका पण जीव जडलाय.

दिवाळीला नक्की या. अभिनव तुम्हाला नमस्कार सांगतोय, म्हणजे सांगितला असता, पण आत्ता तो आरसे वजन करायला गेलाय.

लोभ आहेच, त्याचं वजन मात्र वाढलं तरी चालेल.

तुमची,
पूर्णिमा


अमरावती
१९ ऑगस्ट १९९९

चि. सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दहापैकी आठ गुण. दोन कापले, कारण नवऱ्याला चारदा एकेरी लिहिलंस. आमच्या शेजारच्या मालनबाईंना मोठ्याने वाचून दाखवताना मला ‘तो’ गिळून ‘ते’ म्हणावं लागलं.

तुझा हिशेब मी करून पाहिला. तेरा घोडे आणि एकशेदहा किलो, म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साडेआठ किलोच्या आत ओझं. फार छान. पण यात वर बसणाऱ्या माणसाचं वजन कुठे धरलंय ते मला सापडलं नाही. तुमच्या जाहिरातीतही ते नसणारच.

अभिनवचं म्हणशील तर तो असाच आहे. त्याचे बाबा गेले तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून प्रत्येक वर्षी पहिला. सातवीत एकदा दुसरा आला तर दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन पेपर परत तपासायला लावला. एक गुण वाढला. मला वाटतं त्याला तेव्हापासून खात्री आहे, की आकडा हा हलवता येतो, कोणीतरी जाऊन भांडलं पाहिजे. तू त्याला मधूनमधून हरवत जा. ते काम मला जमलं नाही.

दिवाळीला येते आणि चांगली पंधरा-वीस दिवस राहते. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, भाकरी मी करीन, तुझ्या भाकरीची चौकट भक्कम असते पण ती वळत नाही.

तब्येतीला जपावं. लोभाचं काय ते तू लिहिलंसच, माझाही तेवढाच समज.

तुझी,
आई


कर्वेनगर, पुणे
५ डिसेंबर १९९९

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं अभिनव म्हणाला. तुम्ही गाडीत बसलात त्याच दिवशी दुपारी कोंडीरामचा अपघात झाला. हे तुम्हाला त्याने सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

राजगुरुनगरच्या पुढे एका पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलाय. त्याच्यावरून तो नेहमी जातो, तपासणीचा तो भागच आहे. गाडीची मान तिथे तुटली. पुढचं चाक हँडलसकट निखळलं आणि तो मागच्या अर्ध्या गाडीसकट पुलाच्या कठड्यावर आदळला. जीव वाचला. मणका मोडलाय. कंबरेखाली काही कळत नाही. मी दवाखान्यात गेले तेव्हा शुद्धीवर होता. मला म्हणाला, की मॅडम, मी ब्रेक नव्हता लावला, जोरात पण नव्हतो, चिमणीनंच मान टाकली. त्याची बायको शकू पायाशी बसून त्याचे तळवे चोळत होती. त्याला ते कळत नव्हतं आणि कळत नाही हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आई, तुम्ही इथे होतात, तेव्हा पुढचं लिहायची खरं तर गरज नाही. तरी लिहिते, कारण या घरात ते आता वेगळंच सांगितलं जातंय. त्याच आठवड्यात आपण जेवायला बसलो होतो. तुम्ही भाकऱ्या करत होतात. अभिनव खुशीत होता, म्हणाला, की आज गाडी एकशेदहा भरली. मी विचारलं, की दोन किलो गेले कुठून? तेव्हा त्याने सांगितलं, की मला न विचारता वर्कशॉपमधून पातळ नळ्यांची चौकट करून घेतलीय आणि ती रस्त्यावरही गेलीय. मी ताट सारलं. मी म्हटलं, की ती मान टिकणार नाही, कोंडीरामला खाली उतरव, नाहीतर मी सकाळी मोठ्या साहेबांकडे जाते. तो ओरडला. मग शांत झाला आणि तुमच्याकडे वळून म्हणाला, की आई, तुझी सून ऐकायची नाही, उद्या गाडी थांबवतो, जुनी चौकट बसवतो. तुम्ही म्हणालात, की थांबव बाबा, आणि त्याच्या पानात भाकरी वाढलीत.

त्याने गाडी थांबवली नाही. मी त्याच्या शब्दावर राहिले. आता म्हणतो, की गाडी प्रदर्शनात मांडायला एकच महिना उरला होता.

तुमचं पत्र आलं तर बरं वाटेल.

पूर्णिमा


अमरावती
१४ डिसेंबर १९९९

चि. सौ. पूर्णिमास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. त्या पोराला आयुष्य लाभो असं म्हणायचीही भीती वाटते. शकूला माझ्याकडून धीर दे.

अभिनवचा फोन आला होता. खूप रडला. त्याचं म्हणणं, की कोंडीराम वेगात होता, आधी तो पडला आणि पडल्यामुळे चौकट मोडली. तुझं म्हणणं, की आधी मोडली. मी त्या पुलावर नव्हते. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे घरात बसलेल्या बाईने कसं ठरवावं?

जेवणाच्या वेळी बोलणं झालं ते खरं. पण जेवताना माणसं पुष्कळ बोलतात. तुम्ही दोघं आधी शांत व्हा. तो सध्या जेवत नाही असं म्हणाला. त्याच्या जेवणाकडे लक्ष दे. मी मालनबाईंच्या ओळखीने एका वैद्यांचं तेल मागवलंय, कोंडीरामसाठी पाठवते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आई


कर्वेनगर, पुणे
२३ जानेवारी २०००

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तेल मिळालं. शकूला दिलं. ती रोज लावते.

कंपनीने तीन जणांची चौकशी समिती नेमली आहे. अभिनवने तिथे सांगितलं, की पातळ नळीबद्दल त्याला काही माहिती नव्हतं. चौकटीच्या चित्रावर नाव माझं आहे, तेव्हा चूक माझी, आणि वर कोंडीराम बेफाम चालवत होता. वर्कशॉपला त्याने तोंडी सांगितलं होतं. वर्कशॉपवाल्यांना नोकऱ्या आहेत, त्यांना आता काही आठवत नाही. मी जे घडलं ते सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, की बाई, हे तुम्हा नवरा-बायकोचं घरातलं भांडण झालं, एकाचं ऐकावं की दुसऱ्याचं? घरात तिसरं कोणी होतं का?

मी म्हटलं, होतं.

आई, समितीचा निकाल ‘चालकाची चूक’ असा लागला, तर कोंडीरामचे उपचार बंद होतील आणि नोकरीही जाईल. येरवड्याच्या खोलीत त्याला उचलून बसवायला शकू एकटी आहे. मला स्वतःसाठी काही नको, माझ्या नावावर चूक लागली तरी मी ती सोसेन. पण त्यांना कळायला हवं, की गाडी धोक्याची आहे हे त्या रात्रीच्या जेवणात ठाऊक झालं होतं आणि ती थांबवायचं कबूलही झालं होतं. तुम्ही ऐकलंत तेवढंच दोन ओळींत लिहून सही करून पाठवा. शिक्षा कोणाला द्या असं लिहू नका. नुसतं ऐकलेलं लिहा.

अभिनवला मी हे सांगितलंय. चोरून करत नाही. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

वाट पाहते.

पूर्णिमा


अमरावती
४ फेब्रुवारी २०००

चि. सौ. पूर्णिमास,
अ. आ.

तुला खोटं लिहिणार नाही. मी सगळं ऐकलं. तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, आणि तो माझ्याकडे वळून काय म्हणाला, तेही. तव्यावरची भाकरी करपली होती, इतकं लक्ष देऊन ऐकलं.

पण त्या दोन ओळी मी देणार नाही.

तुला राग येईल. यावा. मला नवरा मेल्यानंतर लोकांनी सांगितलं होतं, की मुलाला काकांकडे ठेवा, तुमच्याने होणार नाही. मी शाळा केली, शिकवण्या केल्या, आणि त्याला इथवर आणलं. आता माझ्याच सहीने त्याला खाली ओढू? कोंडीरामचे पाय माझ्या सहीने परत येणार असते तर गोष्ट वेगळी. ते येणार नाहीत. एक घर मोडलंय म्हणून दुसरं मोडायचं, हे गणित मला सुटत नाही.

तू हुशार आहेस. बायकांना चूक लागली तर लोक म्हणतात, बाई माणूस, होतं कधी कधी, आणि विसरतात. पुरुषाचं तसं नसतं. अभिनव एकदा पडला तर उठणार नाही, त्याला पडायची सवयच नाही. तेव्हा माझं ऐकशील तर तूच दोन पावलं मागे घे. चौकशीत सांग, की नीट आठवत नाही. घर राहील. कोंडीरामचं आपण तिघं मिळून काहीतरी करू.

मी वाईट सासू नव्हते, एवढं तरी मनात ठेव.

आई


कर्वेनगर, पुणे
३० मार्च २०००

ती. आईंस,
सा. न.

मला सगळं नीट आठवतं, असंच मी समितीला परत सांगितलं. तिसरं माणूस कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा नाव सांगितलं नाही. येणारच नसेल त्याचं नाव घेऊन काय करायचं?

निकाल लागला. चालक वेगात होता आणि चौकटीच्या आखणीत हलगर्जी झाली होती. म्हणजे कोंडीराम दोषी आणि मी दोषी. कोंडीरामला कंपनीने घरी बसवलं. मला राजीनामा लिहायला सांगितला, तो मी तिथेच उभ्याने लिहिला. प्रकल्पप्रमुखावर ठपका नाही. त्याला मात्र त्या इमारतीत पाय ठेववेना, असं तो म्हणाला. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला मोटारींची चित्रं संगणकावर काढणारी माणसं हवी होती. त्यांनी त्याला घेतलं आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेला पाठवताहेत. व्हिसासाठी फोटो काढायला गेला तेव्हा निळा शर्ट इस्त्री करून दे म्हणाला. मी दिला नाही. लग्नानंतर त्याला पहिल्यांदाच मी नाही म्हटलं, असं त्याचं म्हणणं आहे. जेवणाच्या टेबलावरचं तो धरत नाही.

गाडी बाजारात आली. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आहे. वजन एकशेबारा किलो छापलंय. निकालात मी दोषी ठरले, पण त्यांनी चौकट मात्र माझी घेतली, जाड नळ्यांची. एकशेबारा किलोंनी कोणाचंच काही बिघडलं नाही, दुकानांपुढे रांगा आहेत.

तुम्ही लिहिलं होतंत, की अभिनव पडला तर उठणार नाही. उठता येत नाही ते कोंडीरामला. शब्द वापरताना जपावं, असं तुम्हीच मुलींना शिकवत असाल.

मी अभिनवबरोबर जात नाही. तुम्ही वाईट सासू नव्हतात. तेच तर विसरता येत नाही.

पूर्णिमा


अमरावती
११ ऑक्टोबर २००१

चि. पूर्णिमास,
आशीर्वाद.

दीड वर्षात पत्र लिहिलं नाही, आणि तूही लिहिलं नाहीस. तू कर्वेनगरच्याच एका कॉलेजात मुलींना शिकवतेस, हे मालनबाईंच्या भाचीकडून कळलं. पत्ता तोच असेल अशा भरवशावर लिहिते.

मी उन्हाळ्यात अभिनवकडे अमेरिकेला जाऊन आले. मोठं घर आहे. दोन मोटारी आहेत. रुपाली म्हणून एक मुलगी आहे, तिथल्याच ऑफिसातली. घटस्फोटाचे कागद तुझ्याकडून सही होऊन आले की लग्न करतील. चांगली मुलगी आहे. मला अहो-आहो करते आणि माझ्यापुढे सांभाळून बोलते.

एक दिवस तिथल्या स्वयंपाकघरात मी भाकरी करत होते. अभिनव समोर बसून बातम्या बघत होता. रस्त्यावरच्या कुठल्याशा अपघाताचं दाखवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, की अभिनव, त्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं रे. इतके दिवस मी त्याला हे म्हटलं नव्हतं. मला वाटलं, तो दचकेल. रडेल. कदाचित विचारेल, की मग तू मला तेव्हाच का नाही धरलंस?

तो शांतपणे म्हणाला, की मला ठाऊक होतं, आई. तू ऐकत होतीस म्हणूनच तर मी निर्धास्त होतो. पूर्णिमा एकटी असती तर माझ्या शब्दावर राहिली नसती, मला गाडी थांबवावी लागली असती. तू होतीस, म्हटलं काही झालं तर तू सांभाळशील.

मग त्याने चटणी मागितली. मी वाढली.

तेव्हापासून माझ्या हातची भाकरी मला गिळवत नाही. मी त्याला वाचवलं असं मी इतके दिवस समजत होते. मी त्या पोराला पुलावर पाठवलं होतं, हे मला माझ्याच मुलाने सांगितलं, तेही चिडून नाही, उपकार मानून.

तुझी माफी मागणार नाही, कारण तू देऊन टाकशील. कोंडीराम आणि शकूला मात्र काही लिहावंसं वाटतं. दोन ओळी. त्या वेळी नाही दिल्या त्या. कोणत्या पत्त्यावर पाठवू, तेवढं कळव. अजून काही मागत नाही.

विमला


कर्वेनगर, पुणे
२० ऑक्टोबर २००१

ती. आईंस,
सा. न.

पत्र मिळालं. मी ते घेऊन रविवारी येरवड्याला गेले. शकूला वाचता येत नाही आणि कोंडीरामला हल्ली वाचताना डोकं दुखतं, म्हणून मीच वाचून दाखवलं, सगळं.

कोंडीराम भिंतीकडे बघत एवढंच म्हणाला, की म्हणजे मी नीटच चालवत होतो. मी म्हटलं, हो. मग त्याने विचारलं, की हे माझ्या साहेबांना कोणी सांगेल का आता? ते साहेब निवृत्त झालेत. मी ते त्याला सांगितलं नाही.

शकूने दुसरं विचारलं. तिने विचारलं, की ती बाई तेव्हा का बोलली नाही? मला तुमची सगळी कारणं माहीत आहेत, तुम्हीच लिहून पाठवली होतीत, मी एकेक करून सांगू शकले असते. पण मी सांगितलं नाही. ते माझं काम नाही.

तुम्ही पत्ता मागितलात. तो खाली देते. पण तिथे पत्र पाठवू नका. माझ्या आवाजात तुमचं काही मी यापुढे वाचणार नाही, आणि दुसरं वाचणारं तिथे कोणी नाही. अमरावतीहून रात्रीची बस सकाळी पुण्यात येते. स्टेशनवरून येरवड्याची बस मिळते. शकू डबे पोचवून दुपारी घरी असते. तिच्यासमोर बसा आणि तिला सांगा.

तुरुंगाच्या मागचा रस्ता, पिठाच्या गिरणीशेजारची चाळ, तळमजला, डावीकडून दुसरी खोली. दार उघडंच असतं, त्याला उठून उघडता येत नाही म्हणून.

पूर्णिमा